चौथ्या मीटरची जागा

“अहो मॅडम, गाडी पुढे घ्या! दुकानाच्या दारात नाही लावायची.”

“लावली नाहीये... बंद पडलीये!”

हे उत्तर अशा ठसक्यात आलं, की आतून ओरडणारा माणूस बाहेरच आला. एका हातात काच काढलेला मीटर, दुसऱ्या हातात चिमटा आणि कपाळावर चढवलेलं भिंग. तीन डोळ्यांनी कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं भिंगरीला वाटलं. खरं तर रडू यायची वेळ होती, पण आलं हसू.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. लहानपणच्या आजाराने डावा पाय अधू झाला, तरी ही पोर एका जागी म्हणून टेकेना, तेव्हा वडिलांनीच ते ठेवलं होतं. आता ती शाळाशाळांतून मुलांचे कान तपासत हिंडायची. तपासणीच्या यंत्राची पेटी आणि हेडफोन मागच्या डिकीत, गिअर हाताच्या खटक्यावर, आणि खाली ही दणकट मोटरसायकल. लांबच्या प्रवासासाठी बनवलेली, पुढे एक चाक आणि मागे दोन. सिग्नलला पाय टेकवावा लागत नाही, म्हणून तिला ती जिवापाड आवडायची.

पण गेले काही दिवस गाडी रुसली होती. मधेच बंद पडायची, थोडं थांबलं की काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू व्हायची.

“इंजिन तापतं का?” मीटरवाल्याने वाकून विचारलं.

“मला काय माहीत?”

“मीटर काय सांगतो?”

“एकच मीटर आहे. वेगाचा. आणि तो सांगतो ते मी ऐकत नाही.”

गाड्यांचे मीटर दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानाच्या गल्ल्यावर त्याची मावशी विणकाम घेऊन बसली होती. बल्ब आणि फ्यूज विकणं तिच्याकडे, आणि गिऱ्हाइकांवर शेरे मारणंही तिच्याकडेच. ती सुया न थांबवता म्हणाली, “घे बाबा. आजवर तूच कुणाचं ऐकत नव्हतास.”

त्याचे कान लाल झाले. कान बघणं हा भिंगरीचा धंदाच, तिच्या नजरेतून ते कसं सुटणार?

त्याने बॅटरी तपासली. ठीक. गाडी सुरू केली. लगेच सुरू झाली.

“उभ्या गाडीला विचारून उपयोग नाही,” तो म्हणाला. “चालताना पोटात काय होतं ते दिसायला हवं. तीन मीटर बसवू. एक ऑइल किती तापलंय ते सांगेल, एक ऑइलचा दाब दाखवेल आणि एक बॅटरीचा जोर.”

“रविवारच्या आत होईल?”

“घाई आहे?”

मग तिने सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तो ऐकतच असा होता... मान किंचित कलती ठेवून, मधे न बोलता. तिचे बाबा लांबच्या मार्गावर बस चालवून निवृत्त झालेले. रस्ता माणसाला काय करतो ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणखी एकदा गाडी बंद पडली की विकायची. गिऱ्हाईकही तयार होतं, त्यांच्या जुन्या कंडक्टरचा जावई. येत्या रविवारी बाबा स्वतः मागे बसून घाट चढणार होते. गाडीने मान टाकली की घाटावरच्या शाळा दुसऱ्या कुणाकडे जाणार, आणि भिंगरी शहरातल्या दवाखान्याच्या बिनखिडकीच्या खोलीत.

“भिंगरी आणि बिनखिडकीची खोली...” तो स्वतःशीच म्हणाला. “नाही जमायचं.”

“नाव कसं कळलं?”

“डिकीवर लिहिलंय की.”

बाबांनीच रंगवलेलं होतं ते. तिचं तिलाच हसू आलं.

*

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की ती दुकानात. कधी पेटी ठेवायच्या निमित्ताने, कधी “झालं का?” विचारायला. झालेलं नसे, हे तिलाही बरंच वाटे.

त्याने ॲल्युमिनियमचा पत्रा कापला, त्यात गोल जागा पाडल्या, आणि कडा कानशीने इतक्या गुळगुळीत केल्या की तिने बोट फिरवून बघितलं. ऑइलच्या नळीत तीन तोंडांचा जोड बसवला. किल्ली फिरवली की जिच्यात वीज येते, नेमकी ती वायर शोधून तिच्यातून मीटरला वीज दिली.

“सरळ बॅटरीवरून का नाही घेतली?” तिने विचारलं.

“मग तुम्ही झोपलात तरी मीटर जागाच राहील. रात्रभर थोडी थोडी बॅटरी पीत बसेल.”

“रात्रभर जागून तो काय बघणार?”

“तेच तर. तुम्ही नसताना बघण्यासारखं काय असतं...”

वाक्य तोंडातून गेलं आणि त्याने घाईघाईने टॉर्च तोंडात धरला. मावशीच्या सुया क्षणभर थांबल्या.

वायरींचा झुबका हँडलखालून नेताना त्याने तिला गाडीवर बसवलं. “हँडल पूर्ण डावीकडे फिरवा. सावकाश. वायर ताणली जातेय का ते बघतो.” तो पुढच्या चाकाशी उकिडवा बसलेला. तिने हँडल फिरवलं, आणि वायरी धरलेली त्याची बोटं तिच्या मुठीला येऊन टेकली. दोघांपैकी कुणीच हात काढला नाही. काढायचं कारणही नव्हतं म्हणा... कामच चाललं होतं.

“ताणतेय?” तिने हळूच विचारलं.

“नाही. पुरतेय.”

“मग उजवीकडे फिरवू?”

“...थांबा जरा.”

मीटर पत्र्यात आवळायच्या आधी चालत्या गाडीवर काटे कुठे राहतात ते बघायला हवं, असं त्याचं म्हणणं पडलं. म्हणजे ती चालवणार आणि तो मागे बसणार. मावशी खास दारापर्यंत आली.

“घट्ट धर रे!”

“कुणाला?” तो गडबडला.

“गाडीला, गाढवा! मागे दांडा कशाला दिलाय?”

मोकळ्या रस्त्यावर भुरभुर पाऊस होता, चष्म्यावर कण साचतील एवढाच. तो तिच्या खांद्यावरून पुढे डोकावून काटे बघत होता आणि आकडे स्वतःच्या तळहातावर पेनने लिहीत होता. त्याच्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास येत होता. आरशात मधूनच नजरानजर व्हायची, की दोघंही तातडीने रस्त्याकडे बघायचे.

“तुम्ही सारखं आरशात बघता,” उतरल्यावर तो म्हणाला.

“मागून येणाऱ्या गाड्या बघते.”

“मागे एकही गाडी नव्हती.”

“नव्हती, हे बघितल्याशिवाय कसं कळणार?”

त्याने तळहातावरचे आकडे पुन्हा वाचले. गाडी सगळा वेळ शहाण्यासारखी चालली होती. बिघाड काही दिसलाच नाही.

“आणि घाटात दिसला तर?” तिचा आवाज बारीक झाला.

“तर काटा आधी सांगेल. बंद पडायच्या आधी. तेवढा वेळ मिळाला की तुम्ही करालच काहीतरी.”

किती सहज म्हणाला तो. तिच्या घरात सगळे तिच्यावर जीव टाकायचे, पण ‘तुम्ही करालच’ असं अजून कुणी म्हटलं नव्हतं.

शनिवारी गाडी तयार झाली आणि भिंगरीचा चेहरा उतरला. तिन्ही मीटर वाकडे! एकाचे आकडे डावीकडे कललेले, एक जवळजवळ आडवा. वर पत्र्यात चौथी एक गोल जागा, काळ्या रबराने बुजवलेली.

“अहो, हे... तिरके बसलेत.”

“सुरू करून बघा. दोन मिनिटं थांबा.”

इंजिन गरम होत गेलं तसे काटे सरकले, आणि तिन्ही एकदम सरळ उभे राहिले. तीन मुलं प्रार्थनेला उभी राहावीत तसे.

“आकडे वाचायचे तर रस्त्यावरची नजर काढावी लागते,” तो म्हणाला. “तुमची नजर रस्त्यावरच राहिलेली बरी. सगळं ठीक असलं की तिन्ही काटे सरळ. एखादा कलला तर डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळेल. म्हणून तबकड्या फिरवल्या.”

मग तिने चौथ्या जागेवर बोट ठेवलं. “आणि हे?”

“ते... असू दे,” म्हणून तो पाने आवरायला लागला.

*

रविवारी बाबा डोक्याला हेल्मेट आणि चेहऱ्याला तीस वर्षांची नोकरी चढवून मागे बसले.

“दिवे लाव.”

“लख्ख ऊन आहे, बाबा.”

“आपण दिसलो पाहिजे समोरच्याला. लाव.”

पुढचे चार जादा दिवे बाबांनीच अलीकडे हौसेने बसवून घेतले होते, वर कर्णा वाटेल असा भोंगाही. तिने दिवे लावले.

“गिअर बदल... आता. आता म्हटलं ना! आणि हे काय? मीटर वाकडे? तीन मीटर आणि चार भोकं? पोराला मोजता येतं ना?”

“येतं,” ती जरा जोरातच म्हणाली. बाबा आरशात तिच्याकडे बघत राहिले.

घाट सुरू झाला. अर्ध्या चढावर ट्रकांची रांग लागली, मुंगीच्या पावलाने चाललेली. इंजिनाचा पंखा घरघरू लागला. भिंगरीची नजर पुढच्या ट्रकच्या चाकांवर होती, आणि तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी ढळलं. तिसरा काटा. बॅटरीचा. सरळ होता तो हळूहळू डावीकडे झुकत चालला होता.

इथेच, अशाच संथ चढावर मागेही गाडी बंद पडली होती. पण आता वेळ हातात होता. तो म्हणाला होता, तुम्ही करालच काहीतरी. गाडी संथ म्हणजे वीज कमी तयार होणार. पंखा चालू. मग आणखी काय पितंय बॅटरी?

तिचा अंगठा दिव्यांच्या बटणावर गेला.

“ए! दिवे का घालवतेस?”

“बाबा, थांबा जरा.”

“मी सांगतो, लाव ते—”

“बाबा! तुमच्या बसमध्ये पाटी होती ना? चालकाशी बोलू नये!”

बाबा आयुष्यात पहिल्यांदा प्रवाशासारखे मागचा दांडा धरून बसले.

काटा क्षणभर तसाच राहिला. मग थरथरला, आणि इवल्या इवल्या पावलांनी वर येऊन सरळ उभा राहिला. इंजिनाचा सूर एकदाही तुटला नाही. घाटमाथ्यावर चहाच्या टपरीशी गाडी थांबली तेव्हा भिंगरीने मनातल्या मनात देवाला हात जोडले, आणि मग आणखी एकाला.

बाबा चहाचा ग्लास हातात घेऊन गाडीभोवती फिरले. दिव्यांपाशी थांबले. “म्हणजे... मी लावलेले दिवेच गाडी बंद पाडत होते?”

“तुम्ही काळजीने लावलेत ना, बाबा.”

“हो ना. बिचाऱ्या बॅटरीला कुठली झेपायला माझी काळजी!” आणि ते इतके खदखदून हसले, की चहा शर्टावर सांडला. “कंडक्टरला फोन करतो. जावयाला म्हणावं, दुसरी गाडी बघ.”

संध्याकाळी त्यांनी कपाट उघडून एक जड, गोल घड्याळ काढलं. त्यांच्या बसच्या समोरच्या फळीवरचं. बस मोडीत निघाली तेव्हा त्यांनी ते मागून घेतलं होतं.

“ज्याने काटे असे लावले, तो भोकं मोजायला चुकणार नाही,” ते म्हणाले. “जा, हे बसतंय का विचार. आणि काय गं, सकाळी घाटाला जाताना गाडी त्याच्या दुकानावरून नेलीस. तिकडून रस्ता आहे का?”

“बाबा!”

“ड्रायव्हर होतो मी. रस्ते मला शिकवू नको.”

*

“चुकून पडली का ही जागा?” तिने सोमवारी विचारलं.

मीटरवाल्याने भिंग कपाळावर चढवलं, खाली घेतलं, पुन्हा चढवलं. “माझं माप चुकत नाही.”

“मग?”

“सगळं पुरं करून दिलं असतं... तर तुम्ही परत कशाला आला असतात?”

गल्ल्यावरून मावशी म्हणाली, “बोलला एकदाचा! अहो, काल दिवसभर रस्त्याकडे बघत बसला होता. एका माणसाने फ्यूज मागितला तर त्याला बल्ब दिला यानं.”

“मावशी, तू जरा आत—”

“मी कुठेही जाणार नाही. मला ऐकू येत नाही असं समजा.”

“मी कान तपासते, मावशी,” भिंगरी हसून म्हणाली. “असं समजता यायचं नाही.”

तिने घड्याळ त्याच्या तळहातावर ठेवलं. त्या फेरीच्या दिवशीचे पेनचे आकडे अजून पुसट दिसत होते तिथे. धुतलेच नसावेत नीट. “बाबांचं आहे. बंद आहे.”

“सुरू होईल.” तो घड्याळाकडे बघत नव्हताच. “घाटावरून तुम्ही खाली कधी येणार?”

“आठवडाभर वरच राहीन. शनिवारी पाचला पोचेन गावात.”

“पाचला... कुठे पोचाल?”

भिंगरीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “जिथे गाडी बंद पडली होती तिथे,” ती म्हणाली. “आता बंद पडणार नाही. पण मी थांबवीन.”

त्या शनिवारी ती घाट उतरली तेव्हा ऊन मऊ झालं होतं. तीन काटे सरळ. चौथ्या जागेत बाबांचं घड्याळ, त्याने सोमवारीच सुरू करून बसवलेलं, पण तेही तिरकं, बाराचा आकडा भलतीकडेच. सबंध उतारावर तिला त्याचं कोडं पडलं होतं. ती ओळखीच्या रस्त्याला वळली, दुकानाची पायरी दिसली, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात चौथा, घड्याळाचा लहान काटाही सरळ उभा राहिला. पाचचा आकडा मीटरवाल्याने सगळ्यात वर ठेवला होता.

पायरीवर तो उभा होता. भिंग कपाळावर, हात पुसून लाल केलेले.

“इथे लावू का हो गाडी?” तिने विचारलं. “दुकानाच्या दारात चालत नाही ना?”

“दारातच लाव,” तो म्हणाला.

अहो-जाहो कधी गळून पडलं, ते मावशीच्यासुद्धा लक्षात आलं नाही.