उपडी वाटी

वाटी उपडी झाली आणि आतला हिरवा रस शहाबादी फरशीवर पसरत गेला.

ती निसटली नव्हती... यल्लव्वाने ती जाणूनबुजून पालथी केली होती, आणि तिच्या सासूने, आक्काताईंनी, ते डोळ्यांनी पाहिले होते. भिंतीला टेकून बसलेल्या बाळासोचा, तिच्या धाकट्या दिराचा, वाटीसाठी पुढे आलेला हात तसाच राहिला. तो हात हळदीत बुडवून काढल्यासारखा पिवळा होता.

आक्काताईंचे काविळीचे औषध काही साधेसुधे नव्हते! शाहूवाडीच्या डोंगरातून, बिद्रीच्या बाजूने माणसे दर रविवारी शाहूपुरीतल्या या दोन खोल्यांच्या दारात येऊन बसत. रिकाम्या पोटी एक वाटी, असे तीन रविवार, आणि तेल-तूप-मटण बंद. बहुतेक माणसे बरी होऊन जात आणि जाताना आक्काताईंच्या पाया पडत. बाळासोचा हा दुसरा रविवार होता, आणि मुलाच्या काळजीने हात थरथरू लागले म्हणूनच त्यांनी वाटी सुनेच्या हाती दिली होती. एरवी तिला त्या औषधाला शिवण्याचीही मुभा नव्हती.

"आट वर्सांमागं माजा एक ल्योक खाल्लास," आक्काताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, म्हणूनच तो अधिक लागला. "आता ह्यो बी खायाचा हाय व्हय गं तुला?"

यल्लव्वाने मान खाली घातली. हे वाक्य तिने सदुसष्ट सालापासून ऐकले होते. तिचा नवरा, आक्काताईंचा थोरला गुंडू, असाच काविळीने अंथरुणाला खिळला होता. दुसऱ्या रविवारची वाटी घेऊन झाल्यावर तो बायकोजवळ लहान पोरासारखा हट्ट धरून बसला... एक घोट तांबडा रस्सा दे, तोंड पार विटलंय! तिचा जीव कळवळला आणि तिने आक्काताईंच्या नकळत वाटीभर रस्सा दिला. त्याच दुपारी त्याच्या उजव्या बरगडीखाली कळ उठली, मग हुडहुडी भरून ताप आला आणि चौथ्या दिवशी तो गेला. हिनं पथ्य मोडलं, हिच्याच हातानं गेला, असे आक्काताईंनी भर मर्तिकात सगळ्यांसमोर सांगितले. यल्लव्वालाही ते खरेच वाटले होते. त्या दिवसापासून तिने रस्सा तोंडाला लावला नव्हता.

मग ती मोठ्या दवाखान्यात आया म्हणून लागली. तिच्या पगारावर बाळासो शिकला, चूल पेटत राहिली; पण रोग्यांची घाण उचलणारी म्हणून आक्काताई तिचे ताटही वेगळे ठेवत. तिने कधी ब्र काढला नाही.

आणि तीन वर्षांपूर्वी, हातात बेडपॅन घेऊन ती अशीच वॉर्डात उभी असताना, मोठे डॉक्टर शिकाऊ पोरांना सांगत होते. यकृत दिवसरात्र पित्त तयार करतं. ते खालच्या पिशवीत, पित्ताशयात साठतं. तेलातुपाचं जेवण पोटात गेलं की पिशवी आवळते आणि पित्त नळीतून आतड्यात सोडते. चरबी त्यानंच पचते, शौचाला पिवळा रंगही त्यानंच येतो. एखादा खडा नळीत अडकला, की पित्ताची वाट बंद! ते मागं फिरून रक्तात उतरतं, डोळे पिवळे होतात, अंगाला खाज सुटते, लघवी काळपट होते. "आणि हे बघा," असे म्हणून डॉक्टरांनी तिच्या हातातल्या भांड्याकडे बोट केले होते. आतला मळ शाडूच्या मातीसारखा पांढरा होता.

बकऱ्याच्या काळजाला चिकटलेली ती हिरवी पिशवी तिला माहीत होती. ती फुटली की सगळे मटण कडूजहर होते, म्हणून जपून काढायची असते. माणसाच्या पोटातही ती असते आणि तिची वाट अशी बुजू शकते, हे तिला त्या दिवशी कळले. आणि गुंडूचे शेवटचे दिवस तिच्या डोळ्यांसमोर उभे राहिले... तसाच पांढरा मळ, तशीच खाज, तीच हुडहुडी! रश्शाने कळ उठवली असेल, पण वाट त्याआधीच बंद झाली होती. ती निर्दोष होती. भांडी धुण्याच्या मोरीत उभी राहून ती पोटभर रडली, आणि घरी येऊन काहीच बोलली नाही. तीन रविवार मोजता मोजता तुमच्या लेकाची वेळ निघून गेली, हे त्याच्या आईला कोणत्या तोंडाने सांगायचे?

आज सकाळी बाळासोचाही मळ तसाच पांढरा झालेला तिने पाहिला होता.

"भावजी, उटा. दारात टांगा उभा हाय," ती म्हणाली. "ह्या काविळीला हे आवशद चालत न्हाई."

आक्काताईंनी दार अडवले. ह्याला काही झालं तर या उंबऱ्यात परत पाय ठेवायचा नाही, असे त्यांनी बजावले. बाळासोने एकदा आईकडे आणि एकदा वहिनीकडे पाहिले.

"वैनी, मला भ्या वाटतंय," तो म्हणाला.

"मला बी," यल्लव्वा म्हणाली, आणि तिने त्याच्या काखेत हात घालून त्याला उभे केले.

दवाखान्यात निदान तेच निघाले, पित्ताच्या नळीत खडा. कावीळ लांबल्याने रक्त गोठेनासे झाले होते, म्हणून आधी तीन दिवस इंजेक्शने दिली. चौथ्या दिवशी सकाळी ऑपरेशनचा कागद पुढे आला. बाळासो तापात बरळत होता आणि आक्काताईंनी अंगठा द्यायचे साफ नाकारले. यल्लव्वाने सही केली. अक्षर वेडेवाकडे आले, कारण ती कशावर सही करते आहे हे तिला पक्के ठाऊक होते: तो वाचला तर देवाची कृपा, आणि गेला तर दोन्ही लेकांची मारेकरीण तीच...

नंतरचे चार तास ती बाकाच्या एका टोकाला आणि आक्काताई दुसऱ्या टोकाला बसून राहिल्या. आजवर तिने शेकडो स्ट्रेचर ढकलली होती. पण त्या दिवशी चाकांचा आवाज आला की ती दचकून दाराकडे बघे. एकदा स्ट्रेचरवर पांढऱ्या चादरीने तोंडापर्यंत झाकलेले कुणीतरी समोरून गेले. दोघी एकदमच उठून उभ्या राहिल्या. तो दुसऱ्या कुणाचा तरी माणूस होता.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. बाळासो वाचला होता! त्यांनी आक्काताईंच्या तळहातावर एक बाटली ठेवली. तिच्यात हरभऱ्याएवढा खडा होता. पांढरा मळ, खाज, हुडहुडी या खुणा दिसल्या की एक दिवसही दवडायचा नाही, आठवडाभर उशीर झाला असता तर हा हातचा गेला असता, असे ते समजावून सांगत होते. आक्काताई नुसत्या बाटलीकडे बघत राहिल्या.

आठवड्याने बाळासोच्या बेडपॅनमध्ये पुन्हा पिवळा रंग आला. ते भांडे हातात धरून यल्लव्वा वॉर्डात आनंदाने रडत होती, तेव्हा आक्काताई तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"यल्ले... गुंडूचं बी आसंच पांढरं व्हतं न्हवं?"

तीन वर्षे ती ज्या क्षणासाठी तळमळली, तो क्षण असा समोर उभा होता. एक होकार, आणि तिच्यावरचा कलंक धुऊन निघणार होता. पण म्हातारीचे ओठ थरथरत होते.

"न्हाई, आत्ती," ती म्हणाली. "त्येंची कावीळ येगळी व्हती. म्या रस्सा दिला, म्हनून गेलं त्ये."

आक्काताईंनी तिच्या हातातले भांडे काढून खाली ठेवले.

"खोटं बोलू नगंस माज्यासाटनं. त्येची धोतरं मीच धुत व्हतो, पोरी."

आणि ज्या हातांना त्या आठ वर्षे शिवल्या नव्हत्या, ते हात आक्काताईंनी आपल्या ओल्या डोळ्यांवर दाबून धरले.

पुढच्या रविवारी शाहूवाडीकडचा एक माणूस पिवळ्या डोळ्यांच्या बायकोला घेऊन दारात आला. आक्काताई औषध वाटायला उठल्या नाहीत. मळाचा रंग कसा होतो, एवढेच त्यांनी त्या बाईला विचारले. 'पांढरा' हे उत्तर ऐकताच त्यांनी आत हाक मारली.

"पावणं, बसा वाईच," त्या म्हणाल्या. "माजी थोरली सून तुमास्नी दवाखान्यात घिऊन जाईल."

यल्लव्वा जेवत होती. तिच्या ताटात, आक्काताईंनी स्वतःच्या हाताने वाढलेली तांबड्या रश्शाची वाटी होती. तिने ती घाईघाईने संपवली आणि पदराला हात पुसत बाहेर आली.