खुर्चीवर कोण होतं

बसा रे, आणि तो मोबाइल खाली ठेवा. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. ऑफिसात त्याला सगळे गॉगल म्हणायचे, कारण त्याचं काम सूर्यावर नजर ठेवायचं. डोळ्यांनी नाही हं! मैदानात घराएवढी डिश होती. ती दिवसभर सूर्याकडे तोंड करून त्याचे रेडिओतरंग पकडायची आणि आत खोलीत कागदाच्या गुंडाळीवर पेन रेघ ओढायचं. सूर्य शांत असला की रेघ सरळ, तिकडे स्फोट झाला की पेन उसळायचं. मग खुर्चीवरच्या माणसानं पटापट खटके दाबून जोर कमी करायचा. नाहीतर पेन वरच्या कडेला अडकणार, आणि स्फोट केवढा होता ते कायमचं हातचं जाणार.

गेली सतरा जानेवारी, शुक्रवार. रात्री सव्वाला साहेबांचा फोन आला.

"वारा वाढतोय. डिश आभाळाकडे तोंड करून बांधून ये."

गॉगल वैतागला. बायकोला दार लावून घ्यायला सांगितलं आणि स्कूटर काढली. रात्रीचं तिथे एकट्यानं जायचं तो टाळायचाच. मन खात होतं त्याला, आणि खायलाच हवं होतं!

तीन वर्षांपूर्वीची एक दुपार. रजिस्टरप्रमाणे पाळी मास्तरांची होती. मास्तर म्हणजे तिथले सगळ्यात जुने ऑपरेटर, यानं काम त्यांच्याच हाताखाली शिकलेलं. जेवणाच्या वेळी दोघं अर्धा तास खुर्ची बदलायचे, पण ते कुठे लिहीत नसत. त्या दिवशी मास्तर डबा घेऊन बाहेर गेले. हा खुर्चीवर बसला आणि होणाऱ्या बायकोशी फोनवर गुलुगुलु बोलत राहिला. बारा बेचाळीसला स्फोट झाला, दहा-दहा वर्षांत होत नाही असा. पेन कडेला जाऊन थडकलं. याचा हात खटक्यापर्यंत पोचला तोवर सगळं आटोपलं होतं.

साहेबांनी विचारलं, "खुर्चीवर कोण होतं?"

आणि हा पठ्ठ्या म्हणाला, "मी जेवायला गेलो होतो."

मास्तरांनी त्याच्याकडे एकदा बघितलं. ठपका आपल्या अंगावर घेतला. त्यांना उचलून गोदामात बसवलं. कामावर झोपा काढणारा म्हातारा म्हणून लोक तोंडावर हसायचे. वर्षाच्या आत मास्तर गेले. त्यांच्या घरी जायचं तोंड याला नव्हतं, तो गेला नाही.

तर पावणेदोनला हा पोचला. कुलूप काढलं, दिवा लावला. डिशची मोटर चालू करणार... तर ती आधीच घरघरत होती.

खिडकीतून बघितलं. डिश हळूहळू खाली वाकत होती. क्षितिजाशी थांबायला हवी. थांबली नाही. तोंड थेट जमिनीकडे. रात्री सूर्य कुठे असतो, सांगा बरं? पायाखाली. पृथ्वीच्या पलीकडे...

मागे पेन हललं.

रेघ चढू लागली. चढतच गेली. आता कडेला लागणार...

खट्.

पेन सावरलं. पुन्हा चढलं.

खट्.

खुर्ची रिकामी होती. पण गादी दबलेली. माणूस बसल्यावर दबते तशी.

याला पळता येईना. आणि खरं सांगू? भीती होतीच, पण लाज तिच्याहून मोठी होती. कितीतरी वेळ तसाच उभा...

"मास्तर..."

खट्.

"मास्तर, खुर्चीवर मी होतो. मी खोटं बोललो हो..."

पेन थांबलं. मोटर थांबली. गादी हळूहळू वर आली.

कागदावर अख्खा स्फोट उतरला होता, चढ, शेंडा, उतार, कुठेही न तुटता. यानं जुनं रजिस्टर काढलं, ती तारीख शोधली आणि मास्तरांच्या नावापुढे लिहिलं, 'बारा ते साडेबारा मास्तर. बारा बेचाळीसला खुर्चीवर मी.' खाली सही ठोकली आणि रजिस्टर साहेबांच्या टेबलावर उघडं ठेवलं. नोकरीचं काय झालं ते विचारू नका, ते साहेब जाणोत. डिश बांधून पहाटे साडेचारला त्यानं मास्तरांचं दार वाजवलं.

मास्तरांच्या बायकोनं दार उघडलं. हा उंबऱ्यातच बोलू लागला, "काकू, त्या दिवशी दुपारी..."

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या. "त्यांनी त्याच रात्री सांगितलं होतं. म्हणाले, पोराचं लग्न ठरलंय, नोकरी अजून कच्ची आहे, कुणाजवळ बोलू नकोस. तो आपणहून येईल." मग म्हणाल्या, "शेवटपर्यंत दाराकडे बघत होते रे..."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला. मान वर होईना.

काकूंनी दिवा लावला. त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि एकदम हात मागे घेतला.

"अगंबाई! हे काय झालं?"

खुर्चीकडे होता तो डावा गाल, कान, मान... लालबुंद. कातडी सुटायला लागलेली. भर उन्हात दिवसभर उभं राहिलं की होते तशी.

उजाडायला अजून दोन तास होते.