चौथा रकाना

दोन हजार पाच सालच्या नवरात्रात मला देवीच्या यात्रेत ड्यूटी लागली. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला लिपिक कुठे तरी बसवायचा असतो, तसं मला यंत्रासमोर बसवलं. यात्रेच्या रस्त्यावरची एक शाळा, तिच्या पहिल्या मजल्यावरचा वर्ग. कॅमेऱ्यांचे पडदे नीट दिसावेत म्हणून खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, त्यामुळे भर दुपारीही आत तिन्हीसांज. खडूचा, तापलेल्या वायरींचा आणि खालून येणारा झेंडूचा वास. बाहेर लाख माणसांचा गोंगाट, आणि आत तो पोहोचेपर्यंत नुसती घरघर.

पुण्याच्या कंपनीकडून आलेल्या दिशा नावाच्या इंजिनिअर मुलीने मला समजावलं, ‘‘काका, हा प्रोग्रॅम चेहरे बघत नाही. माणूस कसा चालतो, कुठे थबकतो, कुणाच्या मागे राहतो, ते बघतो. घातक वाटला की त्याच्याभोवती लाल चौकट येते.’’

‘‘आमच्या हेडक्लार्कला दाखवून बघू या का?’’ मी म्हणालो. ती हसली नाही. चाचणी दहाच दिवसांची होती.

माझं काम रजिस्टरचं. प्रत्येक लाल चौकटीला पाच रकाने: वेळ, कॅमेरा, व्यक्तीचे वर्णन, लक्ष कशाकडे होते, निकाल. दीपक नावाचा हवालदार खाली जाऊन माणूस तपासून यायचा. पहिल्या दोन दिवसांत यंत्राने एक फुगेवाला, बायकोशी चुकामूक झालेला एक नवरा आणि बायको सापडलेले दोन नवरे धरले. शेवटचं निदान मला पटलं.

तिसऱ्या माळेला, चार वाजून दहा मिनिटांनी, चौकट रिकाम्या जागेवर आली.

माणसाएवढी उंच, माणसाएवढी रुंद. आत कोणी नाही. मागची भिंत स्पष्ट दिसत होती. दिशा म्हणाली, सावली असेल. पण माझं लक्ष गर्दीकडे गेलं. पाय ठेवायला जागा नव्हती, तरी माणसं त्या चौकटीपाशी आली की थोडी बाजूला होत, वळसा घालत आणि पुढे मिसळून जात. कोणी थांबत नव्हतं, कोणी बघत नव्हतं.

दीपक जाऊन आला. ‘‘काका, तिथं कोणीच नाही.’’

‘‘बरोब्बर त्या जागी उभा राहिलास?’’

तो जरा घुटमळला. ‘‘राहणार होतो... मग बाजूनंच आलो. का ते नाही सांगता येत.’’

मी लिहिलं: कोणीही नाही. संध्याकाळी हेडक्लार्कने पान परत पाठवलं. शेरा होता: ‘व्यक्ती नाही, तर इशारा कोणाबाबत? रकाने रिकामे ठेवू नयेत.’

छत्तीस वर्षांच्या नोकरीत असे शेरे मी एकाच पद्धतीने निकालात काढले होते. लिहून टाकलं: उंच इसम, पांढरा सदरा, काळी टोपी, डावा पाय किंचित ओढतो. लक्ष कशाकडे? पडद्यावर चौकटीसमोर एक फुलांचं दुकान दिसत होतं, आणि पालथ्या क्रेटवर बसून पाय हलवणारी पाच-सहा वर्षांची मुलगी. लिहिलं: फुलवालीच्या मुलीकडे. निकाल: समज देऊन सोडले. पान मंजूर झालं.

चौथ्या माळेला चौकट पुन्हा चार दहालाच आली. दुकानाच्या दिशेने पाच फूट पुढे. पाचव्या माळेला आणखी पाच फूट. मी रोज तेच वर्णन उतरवून काढत होतो. खरं सांगतो, भीती वाटली नाही. पंख्याच्या आवाजाशिवाय काही घडत नसलेल्या आयुष्यात हे काही तरी घडत होतं. मी चार वाजायची वाट बघू लागलो.

सातव्या माळेला चौकट दुकानाला टेकली. मी दुसऱ्या दिवशी दुपारी खाली उतरलो. फुलवाली मालनबाई, मखमलाबादकडची. ती मुलगी तिची नात, आरोही. मी वर कॅमेऱ्यापाशी बसतो म्हटल्यावर मालनबाईने मान डोलावली.

‘‘म्हंजी तो मानूस तुमचाच हाय व्हय?’’

‘‘कोण माणूस?’’

‘‘उंच हाय. पांढरा सदरा, काळी टोपी. पाय वढीत चालतो बिचारा. लांबून बघत ऱ्हायचा, काल जवळ आला. म्या इचारलं, कोनी धाडलं? त्यानं तुमच्या खिडकीकडं बोट केलं.’’

मी विचारलं, ‘‘चेहरा कसा आहे त्याचा?’’

ती हार गुंफता गुंफता थांबली. ‘‘चेहरा... बघितला व्हता की. आता याद यीना.’’ मग हसून म्हणाली, ‘‘आरोहीला म्हनला, उद्या तुला यात्रा दाखवतो. लय मायाळू.’’

चेहरा मी लिहिलाच नव्हता.

‘‘बाई, पोरीला आज घरी पाठवा.’’

‘‘घरी कोन हाय, साहेब? तिचा बाप झेंडू घिऊन मालेगावला गेला. दसरा तोंडावर, दुकान सोडून म्या कुटं जाऊ?’’

चाराला दहा मिनिटं कमी होती. मी जिना चढून वर गेलो. रजिस्टर उघडलं. त्या दिवशीची नोंदही मी सकाळीच, निकाल सोडून, उतरवून ठेवली होती. पान फाडता येत नाही, पानांना नंबर असतात. पण दुरुस्ती करता येते: एक आडवी रेघ, वर नवा मजकूर, बाजूला सही. ‘फुलवालीच्या मुलीकडे’ यावर रेघ ओढली. वर काय लिहू? हेडक्लार्कचं नाव आधी सुचलं, लपवत नाही. पण तो त्या दिवशी रजेवर होता, आणि रजेवरच्या माणसाच्या नावे काम टाकता येत नाही. शिवाय चूक माझी होती.

मी लिहिलं: चिमाजी रामचंद्र गायधनी, वरिष्ठ लिपिक. सही केली.

चार दहा. चौकट आरोहीच्या अगदी शेजारी आली. मुलीने क्रेटवरून उतरून हात वर धरला होता, मोठ्या माणसाचं बोट धरावं तसा. मग ती चौकट हळूहळू अरुंद झाली... आणि पुन्हा रुंद झाली. उभा माणूस वळताना होते तशी. आरोहीचा हात खाली आला.

‘‘काका, प्रोग्रॅम गोंधळलाय,’’ दिशा म्हणाली.

‘‘नाही,’’ मी म्हणालो, ‘‘फाइल माझ्याकडे वळली.’’

नवव्या माळेला चौकट दुकानापासून पाच फूट लांब, माझ्या घराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला होती. दसऱ्यानंतर यंत्र खोक्यांत भरून गेलं. आरोहीला मी पुढच्या वर्षी पाहिलं. दात पडले होते, बाकी उत्तम.

आता माझं घर तिथून दोन किलोमीटरवर. दिवसाला पाच फूट. कारकुनाला हा हिशेब न करता झोप येत नाही: तीन वर्षं आणि सात महिने, थोडं इकडेतिकडे. मधूनमधून मी दुपारी चार दहाला अंदाजाने त्या जागी जाऊन बघायचो. दिसायचं काहीच नाही. पण मुंबई नाक्यावरचे रिक्षावाले, जे ॲम्ब्युलन्सलाही वाट देत नाहीत, ते एका मोकळ्या जागेला वळसा घालून जाताना मी पाहिलेत. यंत्र नव्हतं, तरी गर्दीला ठाऊक होतं.

आता दोन हजार नऊचा मे संपत आलाय. गेल्या आठवड्यात कचरा न्यायला येणारी लंकाबाई आमच्या फाटकातून अंग चोरून, कडेकडेने आत आली. फाटक सताड उघडं होतं. आमचा फ्लॅट तळमजल्यावर.

भीतीपेक्षा मला उत्सुकताच जास्त आहे. चेहरा कसा असेल? आणि एक गोष्ट टोचते. त्या आठव्या माळेच्या पानावर, घाईत, निकालाचा रकाना भरायचा राहून गेला. नोकरीत रिकामा सोडलेला तेवढा एकच.

आज दुपारी ही चहा घेऊन आली. दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत सहा पावलं, मधे काहीही नाही. ती चार पावलं सरळ आली, मग टीपॉयच्या बाजूने फिरून माझ्यापाशी पोहोचली.

‘‘अशी वळसा घालून का आलीस?’’

‘‘वळसा कुठे? सरळच तर आले,’’ ती म्हणाली, आणि ट्रेमधला दुसरा कप माझ्यासमोरच्या रिकाम्या खुर्चीपाशी ठेवून आत निघून गेली.