बंद भट्टीचा धूर

"अजिबात न्हाई! अर्जुना आष्ट्याला जाणार न्हाई!"

मायानं आष्ट्याच्या आत्याचा मुलगा जयराज याच्या हातातली पिशवी हिसकावली आणि अर्जुनाचे कपडे बाजेवर उलटे केले.

"माझ्यावर का डाफरतीस?" जयराज म्हणाला. "आईनं मला त्याला न्यायलाच धाडलंय. डाक्तरच म्हणाला न्हवं, धुरापासनं लांब ठेवा म्हणून?"

सहा वर्षांचा अर्जुना, मायाचा धाकटा भाऊ, भिंतीला टेकून श्वास ओढत होता. ऐन दिवाळीच्या सुट्टीत! दोन पावलं पळाला की पोराच्या छातीत शिट्टी वाजायची. वाजणार नाही तर काय? गावाच्या डोक्यावर लोखंड वितळवायचा कारखाना. त्याची चिमणी दिवसभर काळं ओकायची. वाळत घातलेल्या लुगड्यावर काजळी, परातीतल्या पिठावर काजळी. तरी कारखाना म्हणे धुतल्या तांदळाचा! फाटकावरच्या मोठ्या पाटीवर चिमणीतल्या धुळीचा आकडा झळकत असे. मर्यादा दीडशेची, आणि आकडा बघावा तेव्हा हिरवागार, तिशीच्या आत.

वर चोराच्या उलट्या बोंबा! मायाची आई हरणाबाई रोज सांजेला मेंढवाड्यात शेणकुटं आणि कडुनिंबाचा पाला पेटवून धुरी करायची. त्यानं माश्या-डास पळतात, मेंढरं निवांत बसतात. भर ग्रामसभेत कारखान्याचा मॅनेजर म्हणाला होता, "बाई, तुमच्या धुरीनंच पोराला दम लागतोय!" आणि सरपंच लालासाहेबांनी नंदीबैलासारखी मान डोलावली होती. त्या दिवसापासून हरणाबाईनं धुरी बंद केली होती. काल मात्र माश्यांनी कोकरं पार हैराण झाली, म्हणून तिनं घाबरत घाबरत एकदाच केली.

"पण तुमची पाटी येडी हाय गड्या," जयराज कपडे गोळा करत म्हणाला. "काल दुपारी चिमणी काळीकुट्ट, तर आकडा वीस. सांजच्याला धूर कमी झाला, तर आकडा नव्वद!"

माया जागीच थबकली. "सांजच्याला? आईनं धुरी केली तवा?"

शेजारची रेश्मा दारातच उभी होती. तिचे काका कारखान्यात वेल्डिंग करायचे. ती म्हणाली, "काका म्हणत्यात, चिमणीत एक नळी असती. ती धूर वढून यंत्राला देती, आन् यंत्र पाटीवर आकडा धाडतं."

"मग आईची धुरी चिमणीत कशी गेली?"

तिघं मेंढवाड्याकडं पळाली. मेंढवाडा कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागूनच होता. कडुनिंबाआड, भिंतीच्या भोकातून बोटाएवढी नळी बाहेर आली होती. रेश्मानं तिच्या तोंडाशी एक पान धरलं. पान चटकन चिकटलं!

"वढतीया!" रेश्मा किंचाळली.

म्हणजे चिमणीत असायची ती नळी इथं रानातली चांगली हवा पीत बसली होती! मायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या भावाचा श्वास कोंडतोय, माझी आई चारचौघांत बोल ऐकतेय, आणि ही लबाडी?

ती तडक सरपंचांकडं गेली. लालासाहेबांनी पानाला चुना लावत सगळं ऐकलं. "पोरांनी नसत्या भानगडीत पडू नये. उद्या धुराच्या तपासणीच्या मॅडम येनार हायत्या. गप घरी बसा."

"नळीच दावू मॅडमला," रेश्मा परतताना म्हणाली.

"मॅनेजर म्हनंल, पान्याची हाय, जुनी हाय," जयराज म्हणाला. "पुरावा पायजे."

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या आणि बघतात तर काय, चिमणी गप्प! लबाड मॅनेजरनं भट्टीच बंद ठेवली होती. "साफसफाई चाललीय, मॅडम," तो फाटकापाशीच चहा पुढं करत गोड हसला. पाटीवर आकडा होता बारा.

"झालं! गेलं समदं मुसळ केरात!" जयराज कपाळावर हात मारून म्हणाला.

"आरं, उलट लय झ्याक झालं!" मायाचे डोळे चमकले. "चल!"

तिनं अर्जुनाला रेश्माच्या घरी पोचवलं आणि आईचा हात धरला. "आई, धुरी कर."

"नगं गं बाई. पुन्यांदा बोल लावतील."

"आज लावू देत! मीच बघते!"

हरणाबाईनं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं, पदर खोचला आणि घमेलं उचललं. घमेलं नळीच्या तोंडाशी धरायला रेश्मा तिच्या मदतीला राहिली. माया आणि जयराज फाटकाकडं धावले.

बारा. चाळीस. एकशेवीस. तीनशे! आकडा लालभडक झाला आणि पाटीवरचा भोंगा बोंबलू लागला. मॅडमचा कप हातातच राहिला.

"भट्टी बंद आहे ना? मग एवढी धूळ कुठून आली?"

"यं... यंत्र बिघडलंय, मॅडम," मॅनेजरची बोबडी वळली.

"बिघडलं न्हाई!" माया गर्दीतून पुढं घुसली. "यंत्र चांगलं हाय, मानसं बिघडल्यात! चला, दावते!"

कडुनिंबामागं हरणाबाईच्या घमेल्यातला धूर सरळ नळीत शिरत होता. मॅडमनी नळीचा माग काढला. ती थेट यंत्रापर्यंत पोचली. मग मॅनेजरला कबूल करावंच लागलं. काजळी अडवणाऱ्या गाळणीच्या पिशव्या कधीच्या फाटल्या होत्या. त्या बदलायच्या सोडून त्यानं नळीच चिमणीतून काढली होती.

"नवी गाळणी बसेपर्यंत भट्टी पेटणार नाही," मॅडमनी तिथल्या तिथं बजावलं. "आणि नळी चिमणीत परत बसवताना मी स्वतः हजर राहीन. पोरांनो, आमचं काम तुम्ही केलंत!"

मॅडमच्या मागोमाग आलेल्या लालासाहेबांना आता कंठ फुटला. "शाब्बास, पोरी! गावाचं नाव काढलंस! ग्रामसभेत शाल-नारळ देतो तुला!"

"मला नगं तुमची शाल!" माया म्हणाली. "आवं, त्याच सभेत माझ्या आईला बोल लावला. तवा तुमी मान डोलावलीसा. आदी तिची माफी मागा!"

लालासाहेबांनी टोपी काढली आणि हरणाबाईपुढं हात जोडले.

"मी सोसलं, सरपंच," हरणाबाई म्हणाली. "पन माझ्या लेकराच्या छातीला काय सांगनार?"



भोंगा ऐकून अर्जुना धापा टाकत आला होता. त्यानं बहिणीचा हात धरला. "आक्का, मग मी जायाचं का आष्ट्याला?"

मायानं त्याला जवळ ओढलं आणि मॅनेजरकडं बघत म्हणाली, "न्हाई! कुनी जायाचं असंल, तर ही चिमनी जाईल. तू न्हाई!"