हाताच्या अंतरावरचा संबळ

"कालिंदीताई, एका माणसाचं नाव साफ करायचंय. आज संध्याकाळच्या आत." नानासाहेब जाधव खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले.

कालिंदी वैद्यने त्यांना खिडकीजवळची खुर्ची दाखवली. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे दिवस होते. छावणीतल्या तिच्या छोट्या कार्यालयात अशिलाने वाऱ्याच्या तोंडाशीच बसायचं, असा नियम होता. खासगी तपासाचं काम मंदावलं होतं, पण थांबलं नव्हतं. तिचा मित्र श्रीधर कोपऱ्यात चहा गाळत होता. तो वेरूळचा गाइड. लेणी बंद, पर्यटक नाहीत, त्यामुळे सध्या तो तिची स्कूटर चालवायचा आणि नको तिथे मत द्यायचा.

"नाव कुणाचं?"

"फकिराचं. पडेगावच्या कडूबा गोंधळ्याचा चेला. लोककलावंतांना सरकारची मदत मिळणार आहे, ऐकलं असेल तुम्ही. जत्रा बंद, लग्नं बंद. गोंधळ घालायला कुणी बोलवत नाही. आमच्या संस्थेने कडूबाची पार्टी सुचवली. पाच घरं आहेत तिच्यात. उद्या अधिकारी येऊन कडूबाचं वाजवणं बघणार आणि मग मदत मंजूर होणार. आज सकाळी बघतात तर संबळ फाडलेला. दोन्ही तोंडांचं कातडं चिरलंय."

"आणि आळ फकिरावर?"

"कडूबा संध्याकाळी सगळ्या पार्टीसमोर त्याला हाकलणार आहे. एकदा हाकललं की दुसरी कोणतीच पार्टी त्याला घेणार नाही. पोराने हे केलेलं नाही, ताई."

"कशावरून?"

नानासाहेबांनी मास्क वर ओढला. "मन सांगतं. एक विनंती आहे. कडूबाला फार खोदून विचारू नका. वय झालंय त्याचं. धक्का सोसायचा नाही."

"धक्का तर बसलाच आहे."

"हो, तोच पुरे झाला." ते घाईने म्हणाले आणि त्यांनी मोबाइल कानाला लावला. "रामकिसना? निघतोय आम्ही. तुझा बाप घरीच आहे ना?"

*

दौलताबाद रस्त्याच्या कडेला, चुन्याने सारवलेलं ते दोन खोल्यांचं घर होतं. अंगणात शेवगा होता. त्याच्या शेजारी जास्वंद इतकी फुलली होती की खाली गळलेल्या फुलांचा लाल चिखल झाला होता. पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये एक खाट होती. पुण्याहून परतल्यापासून फकिराला तिथेच झोपायला सांगितलं होतं. त्याची चाचणी निगेटिव्ह आली होती, तरी कडूबाचा त्या कागदावर विश्वास नव्हता.

कडूबा ओट्यावर बसला होता. उंच, हाडकुळा, गळ्यात कवड्यांची माळ.

"तपास कशाचा करता बाई?" तो म्हणाला. "घराला आतून कडी होती. शेंगा काढायची, बांबूला विळा बांधलेली आकडी त्या खिडकीखाली. आकडीच्या विळ्याला कातड्याचा तुकडा. आंगणात झोपलेला एकटा फकिरा. त्यानं खिडकीतून आकडी घातली आन् फाडला. अजून काय पाहिजे?"

"बरोबर आहे," श्रीधर मनापासून म्हणाला.

कालिंदीने त्याच्याकडे पाहिलं, तसा तो शेवग्याकडे बघू लागला.

"आकडी एरवी कुठे असते?" तिने विचारलं.

"तिथंच. खिडकीपाशी."

"म्हणजे ती आपल्या जागेवरच होती. आणि फकिराने असं का करावं?"

"मागल्या हप्त्यात म्हणला, अण्णा, आता पुढं मला वाजवू द्या, तुमचा हात थरथरतो." कडूबाचा आवाज चढला. "माझा हात! पोसला, शिकवला. शेवटी परका तो परकाच. माझा धाकटा भाऊ सांडू इथं असता तर त्यानंच निकाल लावला असता. कन्नडला कोविड सेंटरात हाय तो. रोज फोनवर बोलतो माझ्यासंग. काल नाय बोलणं झालं. रामकिसनाचा फोन बिघडला म्हणं."

दारात उभा असलेला त्याचा मुलगा रामकिसन पटकन म्हणाला, "काका बरा हाय, अण्णा. सिस्टर म्हणल्या, जेवला बी. तुम्ही नका काळजी करू."

नानासाहेब चपलेने माती उकरत होते.

*

आतली खोली लहान होती. समोरच्या भिंतीशी देवीचा टाक, दिवा आणि कापडात गुंडाळलेली दिवटी होती. बाजूच्या खुंटीला संबळ लटकत होता. खुंटी खांद्याच्या उंचीवर. खोलीत दोन पावलं टाकली की कुणाच्याही हाताला येईल अशी. खुंटीच्या डावीकडे गज लावलेली खिडकी आणि उजवीकडे दार.

कडूबाची बायको साळूबाई उंबरठ्याबाहेर उभी होती. हाताला ज्वारीचं पीठ लागलेलं. माणसं आली म्हणून ती चुलीपुढून तशीच उठली होती.

"मावशी, संबळ जरा काढून देता? मला उजेडात बघायचाय."

साळूबाई जागची हलली नाही. "रामकिसना, दे रे तू."

रामकिसन आत गेला. त्याने संबळ कपाळाला लावला आणि कालिंदीच्या हातात दिला.

दोन्ही कातड्यांवर एकेक लांब चीर होती. ती उजव्या कडेला खोल आणि रुंद सुरू होऊन डावीकडे बारीक होत गेली होती. खुंटीभोवतीच्या चुन्यावर विळ्याच्या टोकाचे ओरखडे होते, तेही दाराच्या बाजूला. चिरेच्या कडेला शेवग्याचं एक वाळकं पान चिकटलं होतं.

"आकडीनेच फाडलाय," श्रीधर म्हणाला.

"त्याबद्दल वादच नाही." कालिंदी देव्हाऱ्याकडे वळली. दिवा जळत होता, पण टाकावरची फुलं काळी पडली होती.

"दिवा मीच लावतोय कालपास्नं," मागून कडूबा म्हणाला. "हिचं अंग दुखतंय म्हणं. इतक्या वर्सात पहिल्यांदा."

"आणि फुलं, मावशी?"

"लॉकडाऊन हाय बाई," साळूबाई खाली बघत म्हणाली. "फुलवाला कुठून येईल?"

*

फकिरा शेडच्या खांबाला टेकून बसला होता. पंचविशीचा असेल. रडून झालेला चेहरा.

"तू फाडलास?"

"मला फाडायचाच असता तर आकडी कशाला लागली असती, ताई? दिवसा संबळ उतरवायचं, पुसायचं काम अजून माझंच हाय. सुरी घेतली असती आन् मोकळा झालो असतो."

"काल शेवटचा हात कुणी लावला?"

"रामकिसनदादानं. सांजच्याला त्यानंच कातडं तापवलं, वाजवून बघितलं. उद्या साहेबासमोर आवाज पडला नाय पाहिजे म्हणला. मी इथून ऐकलं."

"सकाळी काही ऐकलंस?"

तो जरा अडखळला. "दाराची कडी वाजली. पण ती रोजच वाजती. माय सगळ्यांच्या आधी उठती, शेंगा काढती, चूल पेटवती. त्यात काय!"

"रामकिसन कसा वागतोय तुझ्याशी?"

"दादा दोन दिवस झाले नजरच देईना. माय मात्र काल भाकर देताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. उगाच. काय बोलली नाय." त्याने डोळे पुसले. "मी काय ह्या घरचा नाय, ताई. आडनाव वेगळं, गाव वेगळं. अण्णा बोलले ते खरंच हाय."

बाहेर येताच कालिंदीने श्रीधरच्या हातात आकडी दिली. "खिडकीतून आत घाल."

श्रीधरने प्रयत्न केला. विळा आडवा धरला तर गजांवर आपटला. उभा धरला तेव्हा आत गेला, पण वळेना. त्याने जोर लावला तसा विळा गजात अडकून बसला आणि तो बांबू धरून लोंबकळला.

"लेण्यात पुरातत्त्ववाल्यांनी असं पकडलं असतं मला तर लायसन गेलं असतं," तो घामेजून म्हणाला. "म्हणजे खिडकीतून नाहीच?"

"नाही."

"मग घरातला माणूस. पण घरातल्याला आकडी कशाला? आत जायचं, हात लावायचा. संबळ तर हाताच्या अंतरावर आहे."

"आज पहिल्यांदाच तू योग्य प्रश्न विचारलास," कालिंदी म्हणाली. पण तिला आनंद झालेला दिसला नाही. ती बराच वेळ जास्वंदीकडे बघत उभी राहिली. मग नानासाहेबांकडे गेली.

"नानासाहेब, फकिराचं नाव साफ होईल. पण त्यासाठी मला जे बोलावं लागेल, ते तुम्हाला ठाऊक आहे."

नानासाहेबांचा चेहरा उतरला. "दोन दिवस थांबा, ताई. तपासणी होऊ द्या."

"आणि संध्याकाळी फकिराला जाऊ द्या?"



*

सगळे अंगणात अंतर ठेवून बसले. कडूबा ओट्यावर, साळूबाई दाराशी, रामकिसन पायरीवर, फकिरा शेडजवळ.

"फकिराने संबळ फाडलेला नाही," कालिंदीने सुरुवात केली. "खिडकीच्या गजांतून विळा वळतच नाही, हे श्रीधरने करून पाहिलंय. शिवाय चिरा दाराच्या बाजूने सुरू होतात. ज्याने हे केलं तो घरात होता, आतल्या खोलीच्या उंबरठ्याबाहेर उभा होता आणि तिथून त्याने आकडी पुढे केली."

"घरात?" कडूबा ताठ झाला. "घरातलं कोन आकडी घेईल? दोन पावलं आत जायला काय झालं?"

"तेच कोडं होतं. वस्तू हाताशी असताना माणूस लांब काठी कधी वापरतो? एकतर तिथे पोहोचता येत नाही म्हणून, नाहीतर हात लावायचा नाही म्हणून. फकिराला हात लावायला काहीच अडचण नव्हती, रोजचंच काम ते. रामकिसनलाही नव्हती. काल त्याने कातडं तापवलं, आज माझ्यासमोर संबळ काढून दिला. आणि उद्या तो नीट वाजावा, ही तर त्याचीच धडपड होती."

साळूबाईने पदर तोंडाला लावला.

"या घरात एकच माणूस कालपासून देवाच्या खोलीत गेलेला नाही. अंग दुखतं म्हणून दिवा लावला नाही, पण त्याच हातांनी सगळ्यांच्या भाकरी थापल्या. फुलवाला येत नाही म्हणून देवाला शिळी फुलं, आणि दारात जास्वंद गळून चिखल झालाय. मी संबळ मागितला तर उंबरठा ओलांडला नाही. माणूस आजारी नाही, देवावर रागावलेलाही नाही. तरी देवाला शिवत नाही. असं आपल्याकडे कधी होतं, अण्णा?"

 कडूबाचं तोंड थोडं उघडं राहिलं.

"रामकिसनचा फोन बिघडलाय, पण नानासाहेब सकाळी त्याच्याशी त्याच फोनवर बोलले. फोन बंद असताना सिस्टरचा निरोप आला कसा? आणि नानासाहेबांना फकिरा निर्दोष असल्याची खात्री होती, तरी तुम्हाला काही विचारायला ते मला मनाई करत होते." कालिंदी थांबली. पुढचं वाक्य तिच्याजवळ तयार होतं, बिनचूक होतं, आणि तिला ते उच्चारवेना. "मावशी, उरलेलं माझ्या तोंडून येऊ नये."

साळूबाई उठली. ओट्यापर्यंत आली, पण नवऱ्याकडे बघितलं नाही.

"सांडू भावजी गेले," ती म्हणाली. "परवा. रामकिसना नानासाहेबासंग फोनवर बोलत होता, ते मी ऐकलं. ह्याला म्हणलं, सांग अण्णाला. हा म्हणला, तपासणी होऊ दे, मग सांगू, पाच घरांचं पोट हाय. मला बी पटलं. पण सुतकात तुम्ही देवीम्होरं संबळ वाजवणार, ते बी न कळता! तुम्हाला सांगवंना, आन् वाजवू बी देववंना. वाटलं, संबळच फाटला तर साहेब दुसरी तारीख देतील. तवर दिवस सरतील. पहाटं शेंगा काढायला आकडी घेतली, तीच आत नेली. शिवायचं नाय म्हणून उंबऱ्यावरूनच..." तिने फकिराकडे हात केला. "ह्याच्यावर जाईल, हे नव्हतं वाटलं मला. सकाळपास्नं सांगायचं म्हणते, पण सांगितलं असतं तर भावजीचं बी सांगावं लागलं असतं."

रामकिसन गुडघ्यात डोकं घालून बसला होता. नानासाहेब उभे राहिले. "त्याला गप्प राहा म्हणणारा मी, कडूबा. तारीख पुढं गेली तर यादीतून नाव जाईल, असं वाटलं. अधिकाऱ्यांना साधं विचारलंही नाही मी."

 कडूबाने गळ्यातली कवड्यांची माळ काढली आणि शेजारी ठेवली.

"अग्नी कुणी दिला?"

"तिथल्याच लोकांनी," रामकिसन म्हणाला. "कुणाला सोडत नव्हते, अण्णा."

"नाव घेतलं का कुणी त्याचं?"

"माहीत नाय."

कडूबाने मान हलवली. दोन दिवस आपण दिवा लावला, टाकाला हात लावला, हे त्याच्या लक्षात येत होतं. त्याबद्दल तो बायकोला काही बोलला नाही. मग त्याने शेडकडे पाहिलं. 

"फकिरा, सकाळी बोललो ते चुकलं माझं. तूच म्हणत होतास ना, मला वाजवू द्या? उद्या तू वाजव. संबळ नानासाहेब आणतील कुठून तरी. पाच घरं हायेत. आमाला सुतक हाय, तुला नाय."

श्रीधरने सुटकेचा श्वास टाकला. कालिंदीच्या मनात आलं, आपल्या सगळ्या तर्काचा पायाही एवढाच होता: फकिराला या घरचं सुतक लागत नाही.

फकिरा उठला. तो शेडमागच्या रांजणापाशी गेला. त्याने कळशी भरली आणि अंगातल्या कपड्यांसकट डोक्यावरून ओतली. मग दुसरी.

"अरे, हे काय करतो?" नानासाहेब ओरडले. "उद्या साहेब येणारेत!"

"बातमी आत्ता कळली," फकिरा म्हणाला. पाणी हनुवटीवरून गळत होतं. "सांडूकाकाचं मला बी धरावं लागंल ना?"

नानासाहेबांनी काही क्षण त्याच्याकडे पाहिलं. मग मोबाइल काढला आणि फाटकाबाहेर गेले. "साहेब, पडेगावची पार्टी उद्या वाजवणार नाही," त्यांचा आवाज ऐकू आला. "घरात सुतक आहे... हो, सगळ्या पार्टीला... नाही, चूक माझी आहे. यादीतून काढायचं तर संस्थेचं नाव काढा, त्यांचं नको."

कडूबा ओट्यावरून उतरला. थरथरत्या हाताने त्याने सदरा काढला आणि रांजणापाशी जाऊन खाली बसला.

"मला बी घाल," तो म्हणाला.

फकिरा जागीच थबकला. "जवळ येऊ का, अण्णा?"

"ये."