या नावाच्या दोन खिडक्या

"तुम्ही आत्ता माझी दीर्घिका हिरवी केलीत का?"

दारातल्या माणसाने हे इतक्या नम्रपणे विचारलं की क्षणभर वाटलं, हो म्हणून टाकावं. आमच्या मजल्यावर कुणी येत नाही. बाकीचे सगळे घरून काम करतात. मी एकटीच ऑफिसात येते, कारण घरीही मी एकटीच असते. इथे निदान खुर्च्या जास्त आहेत.

माझं काम असं. लांबच्या डोंगरावरची दुर्बीण आकाशाचे फोटो काढते आणि मी ते तपासते. ताऱ्यांमधून एखाद्या विमानाची रेघ गेली असेल तर तिथे वर्तुळ काढून ठेवायचं, म्हणजे शास्त्रज्ञ मंडळी तिला नवा शोध समजून नाचत नाहीत. आई शेजाऱ्यांना सांगते की मुलगी तारे पुसते.

फोटो बघायच्या प्रोग्रॅमचे दोन भाग असतात. एक खिडकी, जिच्यात फोटो दिसतो, आणि एक काळा चौकोन, ज्यात आज्ञा टाइप करायच्या. मोठं कर. रंग बदल. उलटं कर. त्या दिवशी सकाळपासून मी आज्ञा देत होते आणि माझी खिडकी ढिम्म हलत नव्हती. मशीनला राग कळावा म्हणून मी शेवटी मोठ्या अक्षरांतही लिहून पाहिलं. मग एरर आली — या नावाची खिडकी सापडली नाही.

"मी माझी हिरवी करत होते," मी म्हणाले. "ती झालीच नाही."

"माझी झाली. मग उलटी झाली. मग मी घाबरून खिडकी बंद केली."

"अच्छा… म्हणून सापडली नाही."

दोघंही जरा खट्टू झालो. भूत नाही हे कळल्यावर दोन शिकलेली माणसं जशी जरा हिरमुसतात, तशी.

तो खालच्या मजल्यावर तात्पुरता आला होता. एका दीर्घिकेतले पुसट ठिपके मोजत होता. मुदतीच्या आत मोजणी नीट झाली तर कुठेतरी कायमची नोकरी लागणार होती. आईला फोनवर मी 'खालचे' एवढंच म्हणाले, तर ती म्हणाली, भाडेकरू का?

घोटाळा साधा होता. आम्ही दोघं एकाच मोठ्या मशीनवर काम करत होतो, आणि तो प्रोग्रॅम प्रत्येक खिडकीला एकच नाव ठेवतो. माझ्या खिडकीची प्रोग्रॅमकडे नोंदच झाली नव्हती, त्यामुळे माझ्या आज्ञा त्या नावाची जी खिडकी सापडेल तिच्याकडे, म्हणजे त्याच्याकडे जात होत्या. त्याने माझी खिडकी बंद करून पुन्हा उघडली, खाली जाऊन स्वतःचीही उघडली. मी लिहिलं, उलटं कर. माझा फोटो उलटा झाला. थोड्या वेळाने तो धापा टाकत जिना चढून आला.

"माझाही झाला."

आता एका नावाच्या दोन खिडक्या होत्या आणि आज्ञा कुणीही दिली तरी दोन्ही पाळत होत्या. उपाय एका ओळीचा होता. खिडकी उघडताना तिला स्वतःचं वेगळं नाव द्यायचं. मला तो माहीत होता. पण तो केला की हा माणूस खाली जाणार आणि मी परत प्रिंटरशी बोलणार…

"बघते," मी म्हणाले. "गुंतागुंतीचं दिसतंय."

"सावकाश बघा," तो म्हणाला.

मग सकाळी माझा फोटो आपोआप उलटा व्हायला लागला. म्हणजे तो आला. मी तो सरळ करायचे. म्हणजे कळलं. दुपारी मी स्विचबोर्डकडे तोंड करून डबा खायचे, ती आता स्क्रीनकडे तोंड करून खाऊ लागले, कारण त्या वेळी तो दोन्ही खिडक्यांत आपला फोटो उघडून मला दीर्घिकेत फिरवून आणायचा. चित्र हळूहळू सरकायचं, एखाद्या डागापाशी थांबायचं, मोठं व्हायचं.

"कसा वाटला?" तो नंतर वर येऊन विचारायचा.

"बरा आहे. नाक मोठं आहे."

एकदा तो दारातच घुटमळला. "तुम्ही काल दोन वर्तुळं काढलीत. एक डागाभोवती. दुसऱ्यात काहीच नाहीये."

"त्याला एकटं वाटत होतं."

"कुणाला? काहीच-नाहीला?"

"हं."

तो हसला नाही. "अहो, मी ते मोजलं."

"किती भरलं?"

"काहीच नाही." मग जरा थांबून — "पण दोनदा मोजलं."

त्या दिवशी मी काम संपवून उठले ती हवेत. उठता उठता त्याच तंद्रीत लिहिलं, सगळ्या खुणा पूस. माझी स्क्रीन स्वच्छ झाली. आणि मग जिन्यावर पावलं वाजली, नेहमीपेक्षा फार सावकाश. तेव्हा लक्षात आलं की 'सगळ्या' म्हणजे त्याच्याही.

तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

"सेव्ह करायला हवं होतं मी," तो म्हणाला. "कित्येक आठवड्यांची वर्तुळं होती."

"एका ओळीचं काम आहे," मी म्हणाले. "खिडकीला वेगळं नाव दिलं की हे बंद होतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मला दुसऱ्या. मॅन्युअलच्या पहिल्याच पानावर आहे."

स्क्रीनवर आता नुसती दीर्घिका होती, कुणीच हात न लावल्यासारखी.

"मुदत जवळ आलीय," तो म्हणाला.

मी खिडकीला नवं नाव दिलं — 'वरची'. त्याने ते वाचलं आणि खाली गेला.

त्यानंतर सगळं व्यवस्थित चालू झालं. इतकं व्यवस्थित की जीव नको झाला. मी आज्ञा द्यायचे, माझी खिडकी मुकाट्याने पाळायची. सकाळी फोटो सरळच असायचा. त्यातच नवं अपडेट आलं. एका नावाच्या दोन खिडक्या दिसल्या, तर आता प्रोग्रॅम आधी विचारणार होता, कोणती? शहाणपण सुचायला त्यालाही हाच मुहूर्त मिळाला.

त्याने वर्तुळं पुन्हा काढली आणि नोकरी मिळवली, दुसऱ्या शहरात. मशीन मात्र हेच वापरणार होता, लांबून. जाताना जिन्यात भेटला. तो दोन पायऱ्या खाली उभा होता, म्हणून पहिल्यांदाच आमचे डोळे एका उंचीवर आले.

"काही अडलं तर कळवा."

"रीतसर तक्रार नोंदवीन."

"तुम्ही —"

"हं?"

"…वेळेवर जेवत जा."

एवढंच. मग खालचं दार वाजलं.

मी प्रिंटरला सुप्रभात म्हणू लागले. त्याने कागद अडकल्याचं कळवलं. आईने विचारलं, खालचे भाडेकरू काय म्हणतात? म्हटलं, जागा सोडली.

मग डोंगरावर ढग दाटले. दुर्बीण बंद, नवे फोटो नाहीत, काम नाही. काचेवर पावसाचे थेंब एकमेकांना गाठत खाली उतरत होते. डबा तसाच पडला होता. मी उगाच जुना फोटो उघडला, त्याच्या दीर्घिकेचा. लिहिलं, मोठं कर.

एरर आली.

'वरची' या नावाच्या दोन खिडक्या आहेत. नक्की कोणती?

मी ते पुन्हा वाचलं. या मजल्यावर मी एकटीच होते. आणि ते नाव माझ्याशिवाय एकाच माणसाने वाचलं होतं.

लिहिलं — दोन्ही.

चित्र मोठं झालं. क्षणभर थांबलं… आणि मग माझा हात कुठेही नसताना सरकायला लागलं. हळू, जेवणाच्या वेळी सरकायचं तसं. डाग आला, मोठ्या नाकाचा. त्याच्या शेजारी, जिथे काहीच नव्हतं तिथे, एक हिरवं वर्तुळ उमटलं. आणि वर्तुळाखाली एकेक अक्षर —

जेवलीस का?

मी डबा पुढे ओढला. एका हाताने झाकण उघडलं, दुसऱ्याने टाइप केलं: नाही. तू?

प्रोग्रॅमने परत विचारलं, कोणती खिडकी?

अरे, दोन्ही.