बाकावरचं जेवण

"जरा... मीठ आहे का हो तुमच्याकडे?"

बॉबिनने दचकून डब्याचं झाकण लावलं. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा झाला तिचा. आणि तोंडात अर्धं उकडलेलं अंडं! गिळावं तर ठसका लागणार, बोलावं तर... छे, बोलणं शक्यच नव्हतं.

विचारणारा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. कधी येऊन टेकला कोण जाणे. उंच, केसांवर भुरभुर पावसाचे चार थेंब आणि मांडीवर कागदात गुंडाळलेले उकडलेले बटाटे. त्यातला एक हातात धरून तो असा बघत होता, जणू त्या बटाट्याचीच समजूत काढायची होती.

तिने पर्स उघडली आणि कागदाची एक इवलीशी पुडी पुढे केली.

"तुम्ही मीठ पर्समध्ये घेऊन फिरता?" त्याने डोळे मोठे केले.

"अंड्याला लागतं," ती कशीबशी म्हणाली. "आणि तुम्ही बटाटे घेऊन फिरता, त्याचं काय?"

"खरंय. एकाच माळेचे मणी आपण." तो हसला. हसला की त्याचा उजवा डोळा डाव्यापेक्षा जरा जास्त मिटायचा. त्याने चिमूटभर मीठ घेतलं, पुडी होती तशीच निगुतीने दुमडली आणि परत दिली. "आता तुमचं मीठ खाल्लंय म्हटल्यावर मिठाला जागायला हवं."

"बघू की, किती जागताय ते."

हे आपण बोललो? एका अनोळखी माणसाला? तिचे कान तापले. तिने घाईघाईने डबा पिशवीत कोंबला.

"निघते हं. मला जरा... काम आहे."

"मलाही," तो म्हणाला आणि बटाटा घाईने तोंडात कोंबला.

तिचं काम म्हणजे बागेला अख्खा वळसा घालून समोरच्याच हॉटेलात शिरणं. बाकावरून उठून सरळ रस्ता ओलांडला असता तर काचेमागून मैत्रिणींना दिसलं असतं ना! झाडाच्या बुंध्याआडचा तो बाक तिने म्हणूनच तर शोधून ठेवला होता.

बॉबिन हे काही तिचं खरं नाव नव्हे. कपडे दुरुस्तीच्या दुकानात ती कामाला लागली तेव्हा मैत्रिणींनी ते ठेवलं. शिलाई मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखीच इवलीशी, आणि सदा गरगर फिरणारी. पँटची उंची कमी कर, चेन बदल, उसवलेलं अस्तर सांध, यात तिचा दिवस जायचा. दर महिन्याला जुनी मित्रमंडळी या हॉटेलात जमायची. सेनापती जाहिरातीच्या ऑफिसात होती, आणि तिथल्यासारखाच इथेही तिचाच हुकूम चालायचा. दुसरी दातांची डॉक्टर, म्हणजे दातवाली. तिसरा बँकवाला, हे वेगळं सांगायला नको. बिल आलं की सेनापती म्हणायची, "सारखी वाटणी! कोणी काय खाल्लं याचा कीस काढत बसायला आपण काय परके आहोत?"

परके नव्हतेच. तीच तर अडचण होती.

ती खुर्चीत टेकते न टेकते तोच दातवाली आली. मागे कोणीतरी होतं.

"हा माझा मावसभाऊ. लिफ्ट दुरुस्त करतो. या गावात नवा आहे, एकटाच असतो, म्हटलं चल आमच्यात."

बॉबिनने वर पाहिलं. केसांवर थेंब. उजवा डोळा...

"तुम्ही ओळखता एकमेकांना?" बँकवाल्याने विचारलं.

"नाही!" दोघं एकदम म्हणाले. इतकं एकदम, की शेजारच्या टेबलावरच्या आजींनीसुद्धा मान वळवली.

"मला फक्त सूप," बॉबिन म्हणाली. "दुपारी उशिरा जेवलेय."

"मलाही सूपच," लिफ्टवाला म्हणाला. "जरा पोट जड आहे."

बॉबिनने रुमाल तोंडाला लावला. बटाट्यांनी जड झालेलं पोट! तिला हसू आवरेना. त्याने तिच्याकडे न बघता मिठाची बाटली हळूच तिच्या वाटीजवळ सरकवली.

मग मासे आले, सॅलड आलं, चीजचं ताट आलं, सेनापतीच्या मर्जीने आणखी एक ताट आलं, केक आला. शेवटी बिल आलं. "सारखी वाटणी!" अशी आरोळी झाली आणि लिफ्टवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. चालू लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकावी, तसा.

बाहेर पडताना तो तिच्या कानाशी कुजबुजला, "हे आधी सांगायचं नाही का? उगाच बटाटे खाल्ले मी!"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही फक्त मीठ मागितलंत."

पुढच्या महिन्यात ती बाकावर पोहोचली तेव्हा तो आधीच येऊन बसला होता. तिच्या जागेवरचं ओलं पान उचलून त्याने बाक रुमालाने पुसूनही ठेवला होता.

"एक कोडं सुटत नाही," तो म्हणाला. "वाटणी सारखीच आहे, तर तू पोटभर खाऊन का घेत नाहीस?" तुम्हीचं तू कधी झालं, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"मी काही मागवलं की सेनापती म्हणते, मग मलाही आण. मग दातवालीला, मग बँकवाल्याला. माझ्या एका ताटाची चार होतात. मी सूपवर थांबले की निदान एखादा तरी थांबतो."

"थांबतो?"

"कधीकधी," ती म्हणाली, आणि मग दोघंही इतके हसले की झाडावरचे पक्षी उडाले.

महिन्यातून एकदा भेटायचं ते आठवड्यातून एकदा झालं. हॉटेल नाही, काही नाही. नुसता बाक. ती अंडी आणायची, पाव आणायची, तो बटाटे. मीठ मात्र तिचंच. तो तिला लिफ्टच्या गोष्टी सांगायचा. "अडकलेली माणसं दार उघडेपर्यंत काय काय कबूल करतात, तुला सांगतो! एक काका रडत म्हणाले, बायकोला सांगा, कपाटावर ओरखडा मीच पाडला." तिने त्याच्या कामाच्या शर्टाचा खिसा शिवून दिला. लोखंडी पान्हा ठेवून ठेवून त्याचा खिसा सारखा फाटायचा. आतून जाड कापडाचं अस्तर लावलं, तेही हाताने, बारीक टाक्यांनी. त्याने खिशात हात घातला, आणि मग बराच वेळ काढलाच नाही.

"काय झालं? टोचतंय?"

"नाही... ऊब आहे," तो म्हणाला. आणि तिला उगाचच पायातली चप्पल नीट करावीशी वाटली.

घरी आईला न सांगताच कळलं होतं. "आजकाल अंडी फार लागतात गं तुला," एवढंच ती म्हणायची.

सगळं असं छान चाललं असताना बॉबिनचा वाढदिवस जवळ आला.

मंडळींचा नियम असा, की ज्याचा वाढदिवस, त्याची पार्टी. सगळ्यांची, सगळी. गेल्या वर्षी तिला नेमका ताप आला होता, म्हणून ती सुटली होती. या वेळी सेनापतीने परस्पर उंच इमारतीच्या गच्चीवरचं हॉटेल ठरवलंही. आणि नेमक्या याच महिन्यात दुकानाचे मालक काका लेकीकडे राहायला निघाले होते. ते म्हणाले होते, "पोरी, महिनाअखेर अनामत भर. दुकान तुझं, मशीन तुझं. नाहीतर शेजारचा गोदामासाठी मागतोय." अनामतीपुरतं तिने कसंबसं साठवलं होतं. गच्चीवर जेवायला घातलं की त्याला भलं मोठं भगदाड पडणार.

"सांगून टाक ना त्यांना," लिफ्टवाला म्हणाला.

"काय सांगू? मला परवडत नाही? लहानपणापासूनच्या मैत्रिणी आहेत रे त्या. आधी सांत्वन करतील, मग काही बोलायच्या आधी माझ्याकडे जपून बघतील, मग हळूहळू बोलवायच्याच बंद होतील. मला ते बघवणार नाही."

तो बटाटा सोलत राहिला. पण त्याच्या मनात काहीतरी शिजत होतं, आणि ते तिच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दातवालीचा फोन आला. आवाज असा, जसा ती दात काढण्याआधी लहान मुलांशी बोलताना काढते.

"अगं, आम्हाला काय माहीत तुझी... अशी अडचण आहे ते! तू काही मनाला लावून घेऊ नकोस हं. आम्ही तिघं वर्गणी काढतो. तू फक्त ये."

वर्गणी! बॉबिनच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मशीन तसंच सोडून ती निघाली. तो कुठल्या इमारतीत काम करतोय हे तिला ठाऊक होतं. तळमजल्यावर लिफ्टचं दार सताड उघडं होतं, आत खड्डा, आणि त्या खड्ड्यातून फक्त त्याचं डोकं बाहेर आलेलं. गालाला वंगण.

"तू?" त्याचा चेहरा फुलला. मग तिचा चेहरा बघून उतरला.

"मिठाला चांगला जागलास."

"अगं, ऐक तरी... तुझं दुकान जाईल म्हणून मी ताईला—"

"माझी अडचण सांगितलीस. बरं. स्वतःचं काय सांगितलंस? धाकट्या बहिणीच्या कॉलेजच्या फीसाठी तू बाकावर बटाटे खाऊन येतोस, हे सांगितलंस?"

त्याने गालावरचं वंगण हाताने आणखीच पसरवलं.

"माझं पांघरूण काढलंस आणि स्वतः मात्र गुरफटून बसलास!"

खालून एक पान्हा पडल्याचा आवाज आला. ती वळून चालू लागली. खड्ड्यातला माणूस धावत मागे येऊ शकत नाही, हे तिला माहीत होतं. तरी दारापर्यंत पोहोचल्यावर तिची पावलं क्षणभर रेंगाळलीच.

त्या रात्री आई म्हणाली, "अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय. पण अंथरूण केवढं आहे हे लपवत बसलं की आपण आखडूनच झोपतो, बाळा."

सकाळी बॉबिनने सगळ्यांना निरोप धाडला. गच्ची रद्द. वर्गणी नको. वाढदिवस दुकानात. उपाशीपोटी या.

कपडे कापायचं लांब टेबल तिने रिकामं केलं. त्यावर, दुरुस्तीला येऊन कोणी न्यायलाच न आलेली एक पांढरी चादर अंथरली. पाव, लोणी, ढीगभर उकडलेली अंडी, काकडी, टोमॅटो, आईने केलेला केक. बटाटे... बटाटे तिने उकडले नाहीत.

मंडळी आली. जरा अवघडलेली, बूट काढू की नको अशी.

"बसा," ती म्हणाली. तिने दोन्ही हात दुरुस्तीला आलेल्या एका पँटच्या पायात खुपसले. "मला सारखी वाटणी परवडत नाही. कधीच परवडत नव्हती. मी हॉटेलसमोरच्या बागेतल्या बाकावर जेवून यायचे. मला तुमची वर्गणी नको, तुम्ही हवे आहात. ते कसं जमवायचं, तुम्ही सांगा."

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा आगाऊ वाटू लागली.

मग बँकवाला खाकरला. "मला... मासे आवडत नाहीत. वास सहन होत नाही. इतकी वर्षं खातोय."

"काय?" सेनापती ओरडली. "अरे, तुला आवडतात म्हणून तर मी मागवते!"

"आणि मला ते चीजचं ताट आवडत नाही," दातवाली हळूच म्हणाली.

"तेही तुझ्यासाठीच मागवते, बये!" सेनापती मटकन स्टुलावर बसली. "म्हणजे मी इतकी वर्षं कोणासाठी... मला तर घरी जाऊन पाव-अंडंच लागतं गं!" आणि तिने एक अंडं उचललं, सोललं आणि अख्खं तोंडात टाकलं. डोळ्यांत पाणी होतं, ते अंड्याने की कशाने, तिने सांगितलं नाही.

एवढ्यात दार वाजलं. लिफ्टवाला. कामाचाच शर्ट, शिवलेला खिसा, हातात कागदाचं गरम पुडकं.

"मीही," तो दारातच म्हणाला, सगळ्यांना, एका दमात, "मीही बाकावर जेवून यायचो. बटाटे. ताई, पोट जड-बिड काही नव्हतं. बहिणीची फी आहे. बॉबिनचं सांगण्याआधी मी माझं सांगायला हवं होतं." मग आवाज खाली आला. "खड्ड्यात अडकलो होतो. दार उघडल्यावर कबूल करतोय."

बॉबिन त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने, झोपलेल्या बाळाच्या मुठीतून खुळखुळा काढावा इतक्या अलगद, त्याच्या हातातलं पुडकं घेतलं.

"मीठ आणलंयस?"

"ते... तुझ्याकडे असतं ना नेहमी," तो म्हणाला.

अनामत भरली गेली. दुकानावर नवी पाटी लागली. आणि पुढच्या महिन्यात मंडळी पुन्हा त्याच जुन्या हॉटेलात जमली. बँकवाल्याने मान ताठ ठेवून मासे नाकारले. बॉबिनने पहिल्यांदाच संपूर्ण मेन्यू वाचला, स्वतःसाठी एक ताट मागवलं आणि ते शेवटच्या घासापर्यंत संपवलं.

वेटर आला. सेनापतीने हुकूम सोडला, "बिलं वेगवेगळी! ज्याचं त्याचं."

वेटरने कागद काढला. सेनापतीचं झालं, दातवालीचं, बँकवाल्याचं. मग तो बॉबिन आणि लिफ्टवाल्यापाशी थांबला. दोघांच्या ताटांच्या मध्ये एकच केक होता, दोन चमच्यांनी दोन्हीकडून पोखरलेला.

"आणि तुमचं? वेगळंच ना?"

लिफ्टवाल्याने खिशात हात घातला. "हो, माझं—"

"नाही," बॉबिन म्हणाली. तिने चमचा खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. "आमचं... एकत्रच लावा."

दातवालीचा आ वासलेला, जणू तीच पेशंटच्या खुर्चीत दात दाखवायला बसली होती.

"या वेळेचं?" लिफ्टवाल्याने अगदी हळू विचारलं. "की..."

"तू मिठाला किती जागतोस त्यावर आहे."

त्याचा उजवा डोळा आधी मिटला, मग डावा. टेबलाखाली एक वंगणाचा वास येणारा हात तिच्या सुईने टोचलेल्या बोटांना शोधत आला... आणि बोटांनी त्याला फार शोधायला लावलं नाही.